पुल रिक्वेस्ट पाठवली, पण मर्ज होत नाही: दोन उदाहरणांवरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कामात रोज वापरात असलेल्या एका ओपन सोर्स लायब्ररीत दोन दोष सापडले, ते दुरुस्त करून दोन पुल रिक्वेस्ट पाठवल्या, म्हणजे हे बदल मूळ प्रकल्पात सामील (मर्ज) करून घ्या अशा विनंत्या. पहिलीत 43 फाइल्स बदलल्या होत्या, कारण दोषाबरोबर आजूबाजूचा जुना कोडही नीटनेटका केला होता. ती 'फार मोठी आहे' एवढं लिहून बंद करण्यात आली. दुसरी सहा ओळींची. तिच्यावर सात आठवड्यांत कोणी एक शब्दही लिहिलेला नाही. दोन्ही बदल व्यवस्थित चालतात, असलेल्या सगळ्या टेस्ट पास होतात. मग चुकलं कुठे?

मी पंधरा वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांना पॅच (कोडमधले बदल) पाठवतो आहे आणि त्यातली नऊ वर्षं एका लायब्ररीचा मेंटेनर, म्हणजे तिची देखभाल करणाराही आहे. म्हणजे पॅच परत आल्यावर काय वाटतं हे मला माहीत आहे, आणि तो परत का करावा लागतो हेही. तुमच्या दोन्ही पुल रिक्वेस्ट एकाच कारणाने अडल्यात असं मला वाटतं. कोड चालतो हे तुम्हाला माहीत आहे. मेंटेनरला ते माहीत नाही, आणि ते कळण्यासाठी जे काही करावं लागेल ते सगळं तुम्ही त्याच्या गळ्यात टाकलं आहे. कोड लिहिणं हा यातला लहान भाग. तो तपासणं, आणि तो आत गेल्यावर पुढची पाच-सात वर्षं त्यावरच्या तक्रारी निस्तरणं हा मोठा भाग, आणि तेव्हा तुम्ही तिथे असाल याची त्याला काहीच खात्री नसते.

आधी ती 43 फाइल्सची रिक्वेस्ट घेऊ. रिव्ह्यू करणारा माणूस डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडतो तेव्हा त्याला वागणूक बदलणाऱ्या ओळी हव्या असतात. शेकडो ओळींत फक्त रकाने सरळ केलेत, व्हेरिएबलची नावं बदललीत आणि त्यांच्याच गर्दीत कुठेतरी एक 'पेक्षा लहान'चं 'पेक्षा लहान किंवा समान' झालंय. ते शोधायला त्याला प्रत्येक ओळ वाचावी लागते, आणि वाचूनही सुटण्याची भीती असते. हा त्रास त्या एका दिवसापुरताही नाही. वर्षभराने काहीतरी मोडलं की गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनातलं बायसेक्ट चालवतात, म्हणजे नोंदवलेले बदल (कमिट) निम्मे-निम्मे करत दोष कुठून आला ते शोधतात. हजार कमिट असले तरी साधारण दहा पायऱ्यांत दोषी कमिट सापडतो, पण तो कमिटच 43 फाइल्सचा निघाला तर शोध तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू. जुन्या आवृत्तीत तीच दुरुस्ती न्यायची असेल तर चेरी-पिक करताना (एकच कमिट उचलून आणताना) जागोजागी कॉन्फ्लिक्ट येतात. गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, प्रत्येक ओळीसमोर तुमचं नाव दिसायला लागतं आणि ती ओळ मुळात का लिहिली होती हे तिच्या खाली गाडलं जातं. गिट 2.23 पासून ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतं, पण त्यासाठी आवराआवरीचा कमिट निव्वळ आवराआवरीचा असावा लागतो. दुरुस्ती त्यातच मिसळली की ती सोयही गेली.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, दस्तऐवजात हा नियम स्पष्टच लिहिलेला आहे: एक स्वतंत्र बदल, एक पॅच. शिवाय पॅचची मालिका असेल तर प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालं पाहिजे आणि चाललंही पाहिजे, नाहीतर बायसेक्ट मधेच अडकतो. छोट्या प्रकल्पांत हा नियम लिहिलेला नसतो, पण मेंटेनर तिथेही तेच पाहतो.

आवराआवरी करूच नये असं मी म्हणत नाही. पण ती विचारून करायची. जो कोड तुम्हाला विस्कटलेला वाटतो, त्यावर आणखी कोणाच्या तरी चार रिक्वेस्ट उघड्या असू शकतात आणि तुमची मर्ज झाली की त्या चारही मोडतात. माझ्या लायब्ररीत एक ऐंशी ओळींचं फंक्शन आहे, दर वर्षी कोणीतरी ते तोडून सुटसुटीत करून पाठवतं. एका जुन्या कंपायलरवर ते तोडलं की वेग निम्म्यावर येतो, म्हणून ते तसंच ठेवलंय. ही गोष्ट आता मी तिथेच कॉमेंटमध्ये लिहून ठेवली आहे. ती आधीच लिहायला हवी होती, ती चूक माझी. पण एक इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून कोणी विचारलं असतं तरी त्याचा रविवार वाचला असता.

कोड लिहायच्या आधी काय वाचायचं, हा पुढचा मुद्दा. रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल असेल तर ती पूर्ण वाचा. त्याहून जास्त शिकायला मिळतं ते शेवटच्या वीसेक मर्ज झालेल्या आणि चार-पाच नाकारलेल्या रिक्वेस्ट वाचून. टेस्ट कुठे ठेवतात, कमिटचे संदेश कसे असतात, कोण कशावर अडून बसतं, हे सगळं तिथे दिसतं. काही प्रकल्पांची तर रीतच वेगळी असते. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, कोणीही वापरावा, पण बाहेरच्यांचा कोड ते साधारणपणे घेत नाहीत. लिनक्स कर्नलची प्रत गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर दिसते, पण तिथे पुल रिक्वेस्ट उघडून उपयोग नाही. पॅच ईमेलने जातात, आणि कोणाला पाठवायचे हे सांगणारी स्क्रिप्ट सोर्सबरोबरच येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही पॅच मेलिंग लिस्टवर पाठवतात आणि कमिटफेस्ट नावाच्या ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत ते तपासले जातात. जिथे जी रीत, ती पाळायची. ती तुम्हाला जुनाट वाटली तरी, पहिल्याच पॅचबरोबर ती बदलायचा आग्रह धरू नका.

हक्काचा प्रश्नही आधीच मिटवा, कारण तुम्ही हे काम नोकरीत करत आहात. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा हक्क बहुतेक करारांत कंपनीकडे असतो. तो बाहेर द्यायला लेखी परवानगी घ्या. काही प्रकल्प परवाना करारावर सही मागतात. लिनक्समध्ये त्याऐवजी प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. एससीओ कंपनीने 2003 साली लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर दावा लावला, त्यानंतर 2004 मध्ये ही पद्धत आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं तुम्ही त्या ओळीतून लिहून देत असता. गिट कमिटला एस हा पर्याय दिला की ती आपोआप उमटते, म्हणून लोक विचार न करता टाकतात. तसं करू नका. आणि कमिटमध्ये गेलेला ईमेल पत्ता इतिहासात कायमचा राहतो, तेव्हा कोणता पत्ता द्यायचा ते आधी ठरवा.

आता खऱ्या कामाकडे येतो. माझाच एक पॅच उदाहरणादाखल घेतो, कारण त्यात मी जवळजवळ सगळ्या चुका केल्या होत्या.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या फाइल्स, वाचणारी एक लायब्ररी होती. आमच्याकडे येणाऱ्या काही फाइल्समध्ये पहिला स्तंभ सापडतच नसे. स्तंभाचं नाव छापून पाहिलं तर अगदी बरोबर दिसे, पण तुलना केली की जुळत नसे. फाइल हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटच्या रूपात, उघडल्यावर उलगडा झाला. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-8' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट असतात, ईएफ, बीबी आणि बीएफ. याला बीओएम म्हणतात, मजकूर कोणत्या पद्धतीने साठवलाय याची ती खूण. ते तीन बाइट पहिल्या नावाला चिकटून येत होते आणि डोळ्यांना दिसत नव्हते.

मी शीर्षकाची ओळ वाचून झाल्यावर तिच्या सुरुवातीचे हे बाइट काढणाऱ्या चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. कमिटचा संदेश: 'बीओएमचा दोष दुरुस्त केला.' मेंटेनरने एकच वाक्य लिहिलं: शीर्षकाची ओळ नसलेल्या फाइलचं काय? मला राग आला, कारण आमच्या सगळ्या फाइल्सना शीर्षक होतं. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं की अशा फाइलमध्ये तेच तीन बाइट पहिल्या किमतीला चिकटून राहत होते आणि माझ्या दुरुस्तीचा तिथे काहीच उपयोग नव्हता. लक्षण जिथे दिसलं तिथेच मी मलम लावलं होतं. दुरुस्तीची जागा फाइल उघडून वाचायला सुरुवात होते तिथे होती.

जागा बदलून पुन्हा पाठवला. दुसरा प्रश्न आला: पहिल्या रीडमध्ये एकच बाइट हाती आला तर? डिस्कवरच्या फाइलमध्ये असं माझ्या पाहण्यात कधी आलं नव्हतं. पण ती लायब्ररी नेटवर्कवरून येणारा डेटाही वाचत होती, आणि तिथे पहिल्या खेपेला किती बाइट मिळतील याची हमी नसते. माझा कोड पहिल्या तुकड्यात तीन बाइट आहेतच असं धरून चालला होता. मग मी एका वेळी एकेक बाइट देणारा खोटा स्रोत बनवला आणि त्यावर टेस्ट लिहिली. दोन वर्षांनी कोणीतरी बफरिंग बदललं तेव्हा त्याच टेस्टने त्याला थांबवलं.

शेवटी मर्ज झालेल्या कमिटचा संदेश साधारण असा होता:

'फाइलच्या सुरुवातीचा बीओएम वाचताना वगळा.

काही प्रोग्रॅम यूटीएफ-8 सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम लिहितात. तो पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटतो आणि नावाने शोधल्यावर स्तंभ मिळत नाही. शीर्षकाची ओळ वाचल्यावर तो काढता आला असता, पण शीर्षक नसलेल्या फाइलमध्ये दोष तसाच राहतो, म्हणून वाचनाच्या सुरुवातीलाच काढला आहे. फाइलच्या मधे आलेले तेच तीन बाइट मजकूर समजून तसेच ठेवले आहेत.'

हा संदेश लिहायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो वेळ योग्य जागी गेला असं आजही वाटतं. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. संदेशात हवं ते डिफमध्ये न दिसणारं: दोष कोणाला, कधी, कसा जाणवतो, दुसरा कोणता मार्ग होता आणि तो का सोडला, आणि मुद्दाम काय बदललेलं नाही. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत बसवतात, मग एक रिकामी ओळ, मग तपशील. गिटची बरीच साधनं फक्त पहिली ओळ दाखवतात, त्यामुळे यादीत नुसती ती वाचूनही अर्थ लागला पाहिजे.

तुमच्या सहा ओळींच्या रिक्वेस्टमध्ये टेस्ट होती का? 'असलेल्या टेस्ट पास होतात' असं तुम्ही लिहिलंय. पण त्या टेस्ट दोष असतानाही पास होत होत्या, तेव्हा त्यावरून दुरुस्तीबद्दल काहीच कळत नाही. दुरुस्ती काढली की फेल होणारी आणि घातली की पास होणारी एक टेस्ट द्या, आणि तसं करून पाहिल्याचं रिक्वेस्टमध्ये लिहा. मी रिव्ह्यू करताना सगळ्यात आधी हेच करतो: टेस्ट ठेवतो, दुरुस्ती मागे घेतो, चालवतो. टेस्ट लाल झाली की अर्धा विश्वास तिथेच बसतो. दोन मिनिटांचं काम आहे. टेस्टच नसेल तर मला दोष स्वतः उभा करून पाहावा लागतो, त्याला एक संध्याकाळ लागते, आणि म्हणून अशी रिक्वेस्ट मागे पडत जाते. सात आठवड्यांच्या शांततेमागे बहुधा हेच असेल. तो नकार नाही.

'सहाच तर ओळी आहेत, बघायला असा किती वेळ लागतो' असं वाटणं साहजिक आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष आठवा. बाहेरून आलेल्या एका सुविधेच्या कोडबरोबर तो 2011 च्या डिसेंबरात आत गेला. त्या कोडचा रिव्ह्यू झाला होता. पुढच्या मार्चमध्ये तो 1.0.1 या आवृत्तीतून बाहेर पडला आणि एप्रिल 2014 मध्ये उघडकीला येईपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्याला वाचता येत होता. चूक एवढीच, की समोरच्याने सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या डेटाच्या लांबीशी ताडून पाहिली नव्हती. असल्या चुकीला जागा पुरायला एक ओळही खूप झाली. सहा ओळींसमोर मेंटेनर थबकतो तो यामुळे.

आता आठवण कशी करायची. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कर्नलसारख्या वेगवान प्रकल्पातही किमान आठवडाभर थांबायला सांगतात. मग एकच संदेश, आणि त्यात काहीतरी नवीन असू द्या: मेन ब्रँचवर रिबेस केलंय (मुख्य शाखेच्या ताज्या कोडवर बदल पुन्हा बसवलेत), टेस्ट जोडली, अमुक इश्यूतली तक्रारही याच दोषाची आहे. 'कोणी बघतंय का?' हे नको. त्यातून त्याला माहिती काहीच मिळत नाही, फक्त ओझं वाढतं.

हे ओझं मी हलक्यात घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. एक्सझेड युटिल्स या फाइल्स लहान (कॉम्प्रेस) करणाऱ्या साधनाचं काय झालं ते पाहा. एवढ्या वापरातल्या त्या साधनाची देखभाल जवळजवळ एकच माणूस मोकळ्या वेळात करत होता. पॅच लवकर मर्ज होत नाहीत म्हणून मेलिंग लिस्टवर त्याच्यामागे तगादा लावला गेला. त्याच काळात मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं चांगलं काम करून कोड मर्ज करायचे हक्क मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) घातलं. 29 मार्च 2024 रोजी ते उघड झालं, तेही पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकावर जायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. तो छुपा कोड टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइल्समध्ये आणि बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये लपवलेला होता.

त्यामुळे अनोळखी माणसाच्या रिक्वेस्टमध्ये बायनरी फाइल दिसली की आता अनेक मेंटेनर आधी थांबतात, मीही थांबतो. तुमच्या टेस्टला नमुन्याचा डेटा लागत असेल तर तो शक्यतो टेस्टच्या कोडमध्येच वाचता येईल असा लिहा. बीओएमच्या टेस्टमध्ये मी फाइल जोडलीच नाही, तीन बाइट हेक्समध्ये लिहिले आणि पुढे दोन ओळींचा सीएसव्ही. बायनरी द्यावीच लागली तर ती कशी तयार केली याची स्क्रिप्ट सोबत द्या. दुरुस्तीच्या रिक्वेस्टमध्ये बिल्डच्या फाइल्सना हात लावू नका.

एआयने लिहून दिलेल्या कोडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आज हे सांगावंच लागतं. जेंटू या लिनक्सवर आधारित प्रकल्पाने 2024 मध्ये असा कोड घेणार नाही असं ठरवलं; काही प्रकल्पांत तो चालतो, पण वापर केल्याचं सांगावं लागतं. नियम शोधा आणि पाळा. माझ्यापुरती कसोटी एवढीच आहे: 'ही ओळ का?' असं मी विचारलं तर उत्तर तुमचं स्वतःचं आलं पाहिजे. माझा प्रश्न मशिनला देऊन तिचं उत्तर मला चिकटवलं, तर ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं आणि पुढचा संवाद संपतो.

रिव्ह्यू आल्यावर प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, 'केलं' एवढं का असेना. पटलं नाही तर कारण लिहा; चांगला मेंटेनर कारणाने मागे हटतो, मी अनेकदा हटलोय. चर्चा चालू असताना नवे बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका, म्हणजे मागच्या वेळेपासून काय बदललं हे त्याला दिसेल. शेवटी तो सांगेल तसे ते एकत्र करा. फोर्स पुश (सर्व्हरवरच्या ब्रँचच्या जागी आपली जबरदस्तीने चढवणं) करावाच लागला तर 'फोर्स-विथ-लीज' वापरा. तुमच्या ब्रँचवर मेंटेनरने एखादी दुरुस्ती टाकली असेल आणि तुम्ही ती अजून आणली नसेल, तर हा पर्याय ती पुसू देत नाही.

तेव्हा आता असं करा. बंद झालेल्या रिक्वेस्टची ब्रँच तशीच राहू द्या. मेनवरून नवी ब्रँच काढा आणि 'गिट चेकआउट'ला पी हा पर्याय आणि जुन्या ब्रँचचं नाव देऊन फक्त दोषापुरते तुकडे निवडा. एकेक तुकडा दाखवून तो विचारत जातो. त्यावर टेस्ट लिहा आणि नव्या रिक्वेस्टमध्ये जुन्या रिक्वेस्टचा क्रमांक द्या. आवराआवरीसाठी वेगळा इश्यू उघडून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या कोडला हात लावू नका. सहा ओळींच्या रिक्वेस्टला टेस्ट जोडा, रिबेस करा आणि वर सांगितला तसा एक संदेश लिहा.

आणि तुमचं काम मर्जवर अडवून ठेवू नका. दुरुस्ती तुमच्या फोर्कमध्ये (मूळ कोडच्या तुमच्या स्वतंत्र प्रतीत) ठेवून तीच आवृत्ती वापरता येते. फक्त फोर्कमधले पॅच कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने कोणता पॅच कशासाठी होता ते कोणालाच आठवत नाही. आम्ही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक पॅचसमोर मूळ प्रकल्पातल्या रिक्वेस्टचा क्रमांक लिहितो. नवी आवृत्ती आली की त्यावर उरलेले पॅच रिबेस करतो आणि जे आत गेले त्यांच्या ओळी खोडतो. बीओएमची ओळ तिथे पाच महिने होती.